तीस ग्रॅम तेज

"नको... मला नको."

कीर्तनात बुक्का लावायला पुढे आलेल्या हाताला कुणी असं म्हणतं का? मी म्हटलं. वर एक पाऊल मागेही सरले, ते नेमकं मागे बसलेल्या काकूंच्या पायावर.

माघातला कीर्तन सप्ताह होता. कोलकात्यातल्या आमच्या मंडळाचा हॉल भरलेला. नागपूरहून आलेल्या भाग्यश्रीताई कीर्तनाला उभ्या होत्या. पूर्वरंग नुकताच संपलेला, नामाचा गजर चाललेला, पेटी वरच्या पट्टीत चढलेली. आख्यान सुरू होण्याआधी सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागत होता. दरवर्षी हे काम करणारे काका गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते. त्यांच्या जागी ताट घेऊन फिरत होता एक उंच, किडकिडीत मुलगा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगठा काळा झालेला. याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"बुक्क्याला नाही म्हणणाऱ्या पहिल्याच भेटलात," तो म्हणाला. टाळांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून जरासा वाकून.

"चालत नाही मला. क्रीम लावलंय."

"कपाळालासुद्धा?"

"सगळ्या चेहऱ्याला."

"मग देवाने हात ठेवायचा कुठे?"

मला राग यायला हवा होता. पण त्याने ते इतक्या काळजीने विचारलं, की जणू देव खरंच मागे ताटकळत उभा होता. मी नकळत मनगट पुढे केलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मनगटाकडे... आणि अंगठा अलगद टेकवला. छोटासा काळा ठिपका. गार.

मग आख्यान लागलं. चंदन उगाळणाऱ्या, पाठीत वाकलेल्या दासीची गोष्ट. भाग्यश्रीताई चिपळ्या थांबवून म्हणाल्या, "बायांनो, क्रम नीट ऐका बरं का. देवाने आधी काय केलं? तिच्या हातचं चंदन लावून घेतलं. तशाच वाकड्या बाईच्या हातचं! पाठ सरळ केली ती नंतर." माझे डोळे भरून आले. कीर्तनात माझे येतातच. पण त्या दिवशी गालावर ओघळ येण्याआधी मी रुमालाच्या टोकाने ते टिपून घेतले. क्रीम उतरू नये म्हणून. भक्तीसुद्धा बेताने करायची सवय लागली होती मला.

प्रसाद घेऊन बाहेर आले, तर तो चपलांपाशी उभा.

"अजेय टिकेकर. मूळचा सांगलीचा. हावड्याला क्रीमच्या कारखान्यात केमिस्ट आहे. म्हणून विचारायचं होतं... कितीचं आहे ते क्रीम?"

"मुलींना वय विचारू नये एवढंच शिकवलेलं दिसतंय घरी. पुढचं राहिलं."

"म्हणजे दोन हजारांच्या वर."

मी सँडलचा पट्टा लावत राहिले.

"तीन? चार?... अहो, सांगा की! झोप लागायची नाही मला."

"सहा हजार आठशे. तीस ग्रॅम."

तो चपलांच्या मांडणीवर बसलाच. "त्यात घालतात काय? सोनं?"

"विश्वास घालतात."

"तो तर आमच्याकडे ड्रमने येतो," तो म्हणाला. मी हसले. खूप दिवसांनी, तोंड भरून.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या निवृत्त अधिकाऱ्याची मुलगी, विम्याच्या कंपनीत बेताचा पगार, आणि हिला ही नसती चैन कशाला? सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. चहा सांडून वाळावा तसे तपकिरी डाग, नाकावरून एकमेकांना भेटलेले. तेव्हा पुण्याचं एक स्थळ चालू होतं. व्हिडिओ कॉलवर बघणं झालं. आवाज बंद केलाय असं समजून मुलाची आत्या म्हणाली, "कॅमेरा खराब आहे की तोंडच तसं आहे हिचं?" बेहालाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई, बाबा आणि मी, तिघांनीही ते ऐकलं. तिघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्याच आठवड्यात आई मला एका स्किन क्लिनिकमध्ये घेऊन गेली. पांढरे सोफे, काचेच्या बरणीत ऑर्किड. तिथे ती डबी मिळाली... धुरकट काच, सोनेरी झाकण, "फक्त आमच्याकडेच". बारा दिवसांत वांग गेले. अगदी पुसून काढल्यासारखे. बाराव्या दिवशी आरशात मी होते. छे, माझ्याहून चांगली कुणीतरी होती. तेव्हापासून दर महिन्याला पगाराचा मोठा लचका त्या डबीत जायचा. बाबा नवा चष्मा पुढे ढकलत राहिले, पण डबीबद्दल घरात कुणी कधी अक्षर काढलं नाही.

तर अजेय. तो हावड्याहून लाँचने नदी पार करून यायचा, मी डलहौसी चौकातल्या ऑफिसातून चालत घाटावर जायचे. तिथे मातीच्या भांड्यातला चहा. मग उगाच लाँचमध्ये बसून पलीकडे जायचं आणि त्याच लाँचने परत यायचं. तिकीट तपासणारा आमच्याकडे बघून हसायला लागला होता.

"तुला इथे तुझ्या मृणाल या नावाचा त्रास होत नाही?" तो एकदा म्हणाला. "आमच्या कारखान्यात दोन मृणाल आहेत. दोघांनाही मिशा आहेत."

"होतो की. कुरिअरवाला रोज मृणालबाबूंना शोधत येतो. मी सही केली की संशयाने बघतो."

"मी पण संशयानेच बघतोय."

"कसला संशय?"

"की ही मुलगी माझ्यासाठी येते का चहासाठी..."

"चहासाठी," मी म्हटलं आणि त्याच्या भांड्यातला उरलेला घोट पिऊन टाकला.

आमची भांडणंही ठरलेली. तो म्हणायचा, महाग क्रीम म्हणजे निम्मी किंमत काचेची, पाव जाहिरातीची, आणि उरलेली तुझ्या भीतीची. मी म्हणायचे, तुम्हा पुरुषांना साबणाने केस धुवून चालतं, तुम्हाला काय कळणार? "मग सांग ना," तो म्हणायचा, "दीडशेच्या क्रीममध्ये नसलेलं काय असतं त्यात?" मी गाल पुढे करायचे. "हे असतं. बघ."

तो बघायचा. मग बघतच राहायचा... आणि आमचं भांडण तिथेच संपायचं.

चैत्राच्या शेवटी एका संध्याकाळी कालबैसाखीच्या वादळाने आम्हाला भर नदीत गाठलं. हावड्याच्या पुलामागे आभाळ शाईसारखं झालं, वारा सुटला, लाँच डुलायला लागली. सगळे मधोमध गोळा झाले. पाण्याचे सपकारे आत यायला लागले तशी मी ओढणी तोंडावर घेतली.

"अगं, चेहरा आहे की मीठ आहे? विरघळणार आहे का?"

"महाग आहे!" मी ओरडले.

त्याने स्वतःची बॅग माझ्या डोक्यावर धरली आणि तो स्वतः नखशिखांत भिजला. वीज चमकली. त्या उजेडात तो माझ्याकडे बघत होता.

"मृणाल, तू ना... खूप..."

"खूप काय?"

"खूप भिजलीयस."

"बावळट!" मी म्हटलं. त्याने माझा हात धरला तो लाँच धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही. रामराया, त्या दिवशी मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्याच्यासाठी डबीतलं थोडं क्रीम आणलं. कुंकवाच्या चांदीच्या करंड्यात, आईला न सांगता. "घे, तपास. बघू तुझा कारखाना काय म्हणतो."

त्याने बोटावर घेतलं, हाताच्या पाठीवर पसरलं, वास घेतला, परत पसरलं. आणि एकदम उठून उभाच राहिला.

"मृणाल! हे माझं आहे."

"काय तुझं?"

"हे क्रीम! अगं, असं आधी जड लागून मग पाण्यासारखं पसरतं ना, ते जमवायला मला आठ महिने लागलेत. आम्ही पंचवीस किलोच्या ड्रममध्ये विकतो. एकशे नव्वद रुपयांच्या डबीतही हेच जातं." तो खुळ्यासारखा हसत होता. "तू दोन वर्षं मला गालाला लावून फिरतेयस!"

माझे कान तापले. रागावू की लाजू, कळेना. सहा हजार आठशे! आणि तरी... दोन वर्षं रोज सकाळी आरशासमोर, ओळख नसताना, हाच?

मग हसता हसता तो थांबला. पुन्हा बोटाकडे बघायला लागला.

"पण मग हे वांग कसे घालवतं? माझ्या क्रीममध्ये असं काहीच नाहीये. नुसतं मऊ करतं ते." त्याने करंडा मिटला. "हा मी नेऊ? लॅबमध्ये मशीन आहे, लावून बघतो."

नेला. चार दिवस गेले, आठ गेले. विचारलं की म्हणायचा, "मशीनचा एक पार्ट यायचाय." तोवर दुसरीच गडबड सुरू झाली होती. त्याने घरी सांगितलं होतं. त्याच्या आई, प्रेमलताबाई, सांगलीहून मला बघायला येणार होत्या.

"आता मी ते महागडं सोडूनच देते," मी त्याला फोनवर म्हटलं. "एकशे नव्वदवालं आण तुझं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत्ता नको सोडूस. आई येऊन जाईपर्यंत लाव."

"का रे? आईंना खूश करायचंय वाटतं माझ्याकडून?"

"हं... तसंच समज."

मला ते किती गोड वाटलं, काय सांगू! फोन ठेवून मी गुणगुणत डबी उघडली आणि नेहमीपेक्षा जास्तच लावलं.

मेच्या मध्यावर प्रेमलताबाई आल्या. आंबा रंगाची साडी, बोलणं मायाळू. आईने साबुदाण्याचे वडे केले होते, बाबांनी नवा शर्ट घातला होता. प्रेमलताबाईंनी मला जवळ बसवलं, हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला.

"काय तेज आहे हो मुलीच्या तोंडावर! काय लावतेस गं?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "काही नाही हो. साय आणि बेसन. लहानपणापासून."

"बघ अजेय," त्या म्हणाल्या. "ह्याला म्हणतात घरचं वळण."

अजेय वड्याचा तुकडा चटणीत बुडवत होता. बुडवतच राहिला. मला वाटलं, लाजतोय. श्रावणात साखरपुडा ठरला. जाताना प्रेमलताबाईंनी माझी दृष्ट काढल्यासारखी बोटं कानशिलावर मोडली. आई रात्री देवापुढे बसून रडली, सुखाने.

दुसऱ्या दिवशी घाटावर अजेयने चहा घेतला नाही. लाँचमध्ये बसल्यावर खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"रिपोर्ट आलाय." त्याने कागद माझ्यापुढे धरला. "त्यात स्टेरॉइड आहे, मृणाल. फार जोराचं. दवाखान्यात आठ-दहा दिवसांपलीकडे देत नाहीत, तेसुद्धा चेहऱ्याला नाही. तू दोन वर्षं लावलंस. ते क्लिनिकवाले आमच्याकडून ड्रम घेतात आणि त्यात हे मिसळतात. त्वचा पातळ झालीय तुझी. गालावर त्या बारीक लाल शिरा दिसतात ना... मी तेज म्हणायचो त्याला."

पाणी संथ होतं त्या दिवशी. मी कागद हातात घेतला. आकडे, आलेख, काही कळत नव्हतं. कळणारी एकच गोष्ट वरच्या कोपऱ्यात होती. तारीख. चोवीस एप्रिल.

"आज सोळा मे आहे," मी म्हटलं.

त्याने नजर पाण्याकडे वळवली.

"म्हणजे तुला माहीत होतं. आई यायच्या आधी. मला म्हणालास, सोडू नकोस..."

"ऐक ना. हे बंद केलं की चेहरा पेटतो. सगळ्यांचाच. लाल होतो, फोड येतात, महिनेच्या महिने जातात. मला वाटलं, एकदा आईने हो म्हटलं की मग... मग आपण दोघं मिळून काढू ते दिवस. मी असणारच होतो गं तुझ्याबरोबर."

"आईंनी हो कुणाला म्हटलं, अजेय?"

"तुलाच!"

"मला? मला त्यांनी पाहिलेलंच नाहीये. तू पाहू दिलं नाहीस." माझा आवाज चढला. शेजारची बाई झालमुडी खायची थांबली. "ती पाठीत वाकलेली दासी आठवते? भाग्यश्रीताईंनी नीट सांगितला होता क्रम. तू तो उलटा केलास. आधी पाठ सरळ करून घे, मग चंदन आण. असंच ना?"

"मी घाबरलो होतो."

"माझ्या चेहऱ्याला."

"नाही! आईला..."

"तेच ते."

लाँच धक्क्याला लागली. मी उतरले. तो मागून हाका मारत होता. मृणाल नावाचे दोन पुरुष मागे वळून बघतील, असं एक वेडगळ काहीतरी तेव्हा मनात आलं आणि त्याच क्षणी मला त्याची इतकी आठवण आली... आणि तो तर चार पावलांवर होता.

डबी मी त्याच रात्री बंद केली. चौथ्या दिवशी चेहरा पेटला.

कसं सांगू? तव्यावर ठेवल्यासारखा. आधी लाल, मग सूज, मग बारीक पांढरे फोड, मग साल. उशीला गाल टेकवता येईना. आंघोळीचं पाणी विंचवासारखं लागायचं. ऑफिसात आधी रजा, मग बिनपगारी रजा. मी खोलीतला दिवा लावणं सोडलं. आई जेवण आणायची ते खाली मान घालून. ताट टेबलावर ठेवायची, माझ्या खांद्याशी बोलायची. "वरण गरम आहे हं." एकदाच तिचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि ती पटकन म्हणाली, "थोडंसं लावून बघतेस का ते परत? थोडंसंच?" मग स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला. नळाच्या आवाजातही मला तिचं रडणं ऐकू आलं. मला तिथे नेणारी तीच ना.

बाबा मला सरकारी इस्पितळात घेऊन गेले. त्वचारोगाच्या रांगेत मी ओढणीतून डोकावले आणि बघतच राहिले. माझ्यासारखे चेहरे. एक, दोन... रांगेत नऊ जणी. एकीच्या मांडीवर बाळ होतं, ते आईच्या गालाला हात लावायला बघत होतं आणि ती त्याचा हात पुन्हा पुन्हा खाली घेत होती.

डॉक्टरीणबाई बंगाली, वयस्क. माझी डबी त्यांनी हातात घेऊन फिरवली. "कितना लिया?" मी सांगितलं.

"महंगा था, इसीलिए भरोसा किया ना?"

मी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी लिहून दिलं साधं व्हॅसलिन, चाळीस रुपयांचं, आणि काही गोळ्या. बाकीचं औषध म्हणजे दिवस. "छे महीना, साल भी लग सकता है. दाग भी वापस आएगा शायद." इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि फुकट.

परतताना टॅक्सीत बाबा म्हणाले, "मृणू, महागाचं ते चांगलंच असणार असं मलाही वाटलं गं. म्हणून मी कधी विचारलं नाही." त्यांचा जुना चष्मा नाकावरून घसरत होता.

देवाशी बोलायचे मी रोज. अंधारात. तू बघतोस ना रे मला? अशीही बघतोस ना? मग ते पुरे का होत नाही? दुसऱ्या कुणीतरी बघावं असं अजून का वाटतं? कीर्तनाची ध्वनिमुद्रणं लावायचे, तर गजराला हात टाळीसाठी उठायचे आणि मन मात्र जागचं हलायचं नाही.

अजेयचे निरोप फोनवर साचत होते. त्याने औषध खात्याकडे तक्रार केली. मालक म्हणाले, ड्रम विकला की आपला संबंध संपला, तू नसत्या भानगडीत पडू नकोस. पडला. नोकरी गेली. हे सगळं मी वाचायचे, उत्तर द्यायचे नाही. अभिमान वाटायचा त्याचा, आणि त्याच अभिमानाचा राग यायचा.

जुलैत प्रेमलताबाईंचा आईला फोन आला. आईने सवयीने स्पीकर लावला.

"अलकाताई, कांजिण्या कशा आहेत मृणालच्या? अजेय म्हणाला, फार आल्यात. म्हणून साखरपुडा पुढे ढकलला, बरं केलंत. खाजवू देऊ नका हो तिला, खड्डे पडतात. सोन्यासारखा चेहरा आहे."

आईने माझ्याकडे... माझ्या खांद्याकडे बघितलं. "हो," ती फोनमध्ये म्हणाली. "बऱ्या होतायत."

कांजिण्या. त्याला तेवढंच सुचलं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस, एका दुपारी, धो धो पावसात दाराची बेल वाजली. बाबा बँकेत गेले होते, आई आत होती. मी भोकातून बघितलं. तो होता. छत्री मोडलेली, केस कपाळाला चिकटलेले.

खुंटीवर ओढणी होती. हात तिथवर गेला. मग मी तो खाली घेतला आणि दार उघडलं. जिन्यातला दिवा चालू होता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्याने बघितलं. मान वळवली नाही, हे मी सांगायलाच हवं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, सगळं बघितलं.

"फार दुखतं?"

"हसलं की."

"मग बरं झालं, मी आता विनोद करत नाही."

"पूर्वी करायचास ते तरी कुठे विनोद होते..." मी म्हटलं आणि ओठ ताणले जाऊन गाल झोंबला. तोही हसला. एक क्षण, देवा, एक क्षण आम्ही लाँचमध्येच होतो.

त्याला वापीला नोकरी मिळाली होती. उद्याची गाडी. तो दारातच उभा राहून भराभर बोलायला लागला. "दिवाळीनंतर करू सगळं. तोवर तू बरी होशील. मी वाचलंय, आठ-नऊ महिन्यांत बहुतेकींचं... आणि नाही झालं तरी मला काही फरक पडत नाही, मृणाल. खरंच नाही पडत. मला तू हवीस. मी रोज..." त्याचे डोळे भरले. "मी रोज दोनदा नदी पार करायचो. तू नसताना. उगाच."

ते खरं होतं. त्याच्या तोंडावरच दिसत होतं. मी दाराची चौकट धरली.

"मला पण तूच हवायस," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं. "आईंना फोन लाव."

"काय?"

"व्हिडिओ लाव. आत्ता. मी इथेच उभी राहते, या दिव्याखाली. तू काही बोलू नकोस. फक्त फोन माझ्याकडे वळव."

त्याने फोन काढला. पडद्यावर 'आई' असं आलं, शेजारी प्रेमलताबाईंचा आंबा रंगाच्या साडीतला फोटो. अंगठा वर आला... आणि तसाच राहिला. जिन्याच्या खिडकीतून पाऊस आत येत होता, आमच्या दोघांच्या पायांपाशी पाणी साचत होतं. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. मनात नुसतं म्हणत होते, टेकव. टेकव ना रे. एवढंच तर आहे.

"आत्ता ती जेवायला बसली असेल," तो म्हणाला.

मी दिव्याखालून हलले नाही.

"तिला प्रेशरचा त्रास आहे, मृणाल. एकदम असं... म्हणजे, आधी मी समजावतो ना तिला. एक महिना दे. फक्त एक महिना. जरा ही सालं निघू देत, मग..."

पडद्याचा उजेड आपोआप विझला.

"राहू दे," मी म्हटलं.

"तू रागावलीस."

"नाही रे." आणि खरंच नव्हते रागावले. राग असता तर बरं झालं असतं, त्याला धरून उभी राहिले असते. "अजेय, बरं व्हायला मला जितके दिवस लागतील ना, तितके दिवस मला कुणाच्या घरात कांजिण्या होऊन राहायचं नाहीये. आणि बरी झालेच नाही तर? मग कुठला रोग सांगशील?"

"मी वाईट माणूस नाहीये गं."

"माहीत आहे. वाईट असतास तर केव्हाच सोपं झालं असतं."

त्याने छत्री भिंतीला टेकवली. मग हात पुढे केला, माझ्या गालाच्या अगदी जवळ आणला, दुखेल म्हणून टेकवला नाही. त्याच्या तळव्याची ऊब मात्र लागली. मोडकी छत्री उचलून तो जिना उतरायला लागला. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. मग ती पुन्हा सुरू झाली, आणि खालचं लोखंडी फाटक वाजलं.

मी दार लावलं. आई पॅसेजमध्ये उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती पुढे आली. फोन उचलला, नंबर लावला, खुर्चीवर बसली. पलीकडून प्रेमलताबाईंचा मायाळू आवाज आला, "बोला अलकाताई! कशी आहे आमची मृणाल?"

"कांजिण्या नव्हत्या हो त्या," आई म्हणाली. "आणि साय-बेसनही नव्हतं. दोन्ही खोटं होतं. ऐकताय ना?"

आई सांगत राहिली, क्लिनिकपासून, पहिल्या डबीपासून. ती थांबली नाही. आणि सांगताना ती माझ्या खांद्याकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, सरळ.

तेव्हा मला रडू आलं. पाणी डोळ्यांतून गालांवर उतरलं आणि कातडं पेटलं. मिठाने जखम पेटते तसं, दोन्ही बाजूंनी, हनुवटीपर्यंत. मी पुसलं नाही. पुसायला गेले असते तर जास्त दुखलं असतं. मी तशीच उभी राहिले, आई बोलत राहिली, आणि पलीकडून अजून कुणी काही म्हणत नव्हतं.